खोली आणि खोकला

नायगावच्या बीडीडी चाळीतली माझ्या आजोळची खोली १६० चौरस फुटांची होती. १९५४-५५च्या सुमाराला तिथे नऊ माणसं झोपत. कोण कुठे झोपायचं हे आईला अजून बोटांवर मोजून सांगता येतं. मोरीच्या कडेला आजी आणि तिच्या कुशीत तान्हा मामा, मधल्या पट्ट्यात तिघी बहिणी, दारापाशी आजोबा, मोठा मामा आणि गावाहून आलेला एक आतेभाऊ बाहेर पॅसेजमध्ये. आजोबांचे धाकटे भाऊ, सगळे त्यांना अण्णा म्हणत, गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, रात्रपाळीला होते. ते सकाळी आले की पोरींची अंथरुणं आवरली जायची आणि त्याच पट्ट्यात अण्णांची वळकटी उलगडली जायची. पुढे पाळी बदलली, अण्णा रात्री घरी झोपू लागले आणि त्यांना खोकला लागला. तेव्हा आजीने त्यांना खिडकीखालची जागा दिली. डोकं खिडकीकडे, पाय खोलीकडे. त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमचा एक वेगळा पेला आला. आजाराचं नाव कोणी घेत नसे, ‘बारीक ताप’ म्हणत.

आजीला जे ठाऊक होतं ते तिने केलं. हवा असेल तिथे आजारी माणूस ठेवावा, हे आरोग्यशास्त्राचं सूत्र तिने कुठे वाचलं नव्हतं. पण नऊ माणसांच्या खोलीत एका खिडकीखालची जागा म्हणजे उरलेल्या आठांपासून चार हात. गिरणगावाच्या आरोग्याचा प्रश्न या चार हातांत मावतो. भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि वरळीपासून शिवडीपर्यंतच्या या वस्तीत, विसाव्या शतकाच्या मध्यावर घर आणि आजार यांचं नातं काय होतं, कोणाला ते दिसलं होतं आणि ते पुढे कसं नजरेआड झालं, याचा हा आढावा आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. १८९६पासून पन्नासेक वर्षं या शहरात आजार म्हटला की घराची झडती होत असे. १९५०च्या दशकात ही गाठ सुटली. आजार दवाखान्याकडे गेला, घर भाडेकरार आणि कोर्टकचेऱ्यांकडे गेलं, आणि आजतागायत ती दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत.

सुरुवात प्लेगची. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले. नंतरचा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे, म्हणून त्यात रेंगाळत नाही. घरांत घुसून तपासण्या झाल्या, छपरं उघडी केली गेली, माणसं जबरदस्तीने छावण्यांत नेली गेली, लोक चिडले, पळाले. त्या जुलमाचं समर्थन कोणी करू नये. पण त्या धामधुमीतून १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) उभा राहिला आणि एक गोष्ट राज्यकर्त्यांच्या टेबलावर कायमची आली: कोंदट, अंधारी, दाटीची घरं आजार पोसतात. ट्रस्टने मोडलं फार, बांधलं त्या मानाने कमी. जी माणसं हटवली ती बहुतेक शेजारच्या वस्तीत अधिक दाटीने राहिली. तरी ट्रस्टच्या बीआयटी चाळी उभ्या राहिल्या आणि परळच्या पोयबावडीची अशीच एक चाळ पुढे सगळ्या देशाला माहीत झाली, कारण १९१२पासून १९३४पर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. तिथे पुन्हा येऊच.

दुसरा मोठा प्रयत्न गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळातला. १९२०मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) स्थापन झालं. पन्नास हजार खोल्या बांधायच्या होत्या आणि त्यासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी झाल्या, खोल्या साडेसोळा हजारांच्या आसपास. तळमजला आणि वर तीन मजले, मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, संडास सामायिक. जुन्या लाकडी चाळीला निदान गॅलरी असे. माणूस दाराबाहेर आला की उजेडात येई. बीडीडीच्या पॅसेजला दोन्ही अंगांना खोल्याच. खोलीत हवा येण्याची वाट एका बाजूनेच. समोरच्या खोलीचं दार उघडं असेल आणि तिची खिडकीही उघडी असेल, तरच वारा आरपार जाणार. म्हणजे तुमच्या घरातली हवा शेजाऱ्याच्या मर्जीवर. आई सांगते, उन्हाळ्यात दोन्ही दारं उघडी ठेवायचा अलिखित करार असे. समोरच्यांशी भांडण झालं की पहिल्यांदा वारा बंद व्हायचा.

या चाळी बांधून झाल्या तेव्हा वरळीच्या कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. भाडं उतरवलं तरी लोक जाईनात. गिरण्या लांब, बाजार लांब, रात्रपाळी करून चालत यायचं तर जीव अर्धा होई. १९३०च्या कायदेभंगात सरकारने वरळीच्या काही चाळींचा चक्क तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेल्या इमारतीला तुरुंग करताना आतून फारसं काही बदलावं लागलं नाही, ही गोष्ट त्या बांधकामाबद्दल पुरेसं सांगून जाते.

आता दाटीचे आकडे. १९११च्या शिरगणतीत मुंबईतली सुमारे ६९ टक्के माणसं एका खोलीच्या घरात राहत होती. १९३१मध्ये हे प्रमाण ७४ टक्क्यांवर गेलं. हा सगळ्या शहराचा हिशेब आहे, त्यात मलबार हिलही आली. गिरणगावाचा वेगळा काढला तर चित्र आणखी काळवंडतं. त्यात युद्ध आलं, बांधकाम थांबलं, १९४३मध्ये रेशनिंग सुरू झालं, मग फाळणी झाली. जुन्या शहराची, म्हणजे माहीम-शीवपर्यंतच्या बेटाची, लोकसंख्या १९४१मध्ये पंधरा लाखांच्या जवळ होती. १९५१मध्ये ती तेवीस लाखांवर गेली. दहा वर्षांत आठ लाख माणसं वाढली आणि जागा होती तेवढीच.

या काळाबद्दल लिहिताना सगळ्यात जास्त वापरला जाणारा आकडा बालमृत्यूचा आहे. १९२१ साली मुंबईत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे साडेसहाशेहून अधिक मुलं वर्षाच्या आत गेली, अशी नोंद आहे. एका खोलीच्या घरांपुरतं हे प्रमाण हजारी ८२८ भरलं. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत ते दीडशेच्याही आत होतं. भाषणांत, अहवालांत, पुस्तकांत हा आकडा शंभर वर्षं फिरतो आहे. मला तो जसाच्या तसा वापरवत नाही. त्याचं कारण आपल्या घरोघरी ठाऊक आहे: बाळंतपणाला बाई गावी जाते. रत्नागिरी, सातारा, सांगलीकडच्या बायका सातव्या महिन्यात बोटीने, रेल्वेने माहेरी जात. मूल तिकडे जन्मे आणि त्याची नोंद तिकडे होई. तीन-चार महिन्यांचं बाळ घेऊन ती मुंबईत परते आणि ते बाळ खोलीत दगावलं तर मृत्यू मुंबईच्या वहीत. भागाकाराची वरची संख्या पुरी, खालची अपुरी. त्यात १९२१ हे वर्षही वाईट होतं. म्हणजे ८२८ हा आकडा फुगलेला आहे.

पण मग घरांची तुलनाही खोटी ठरते का? नाही. एका खोलीतल्या बायका जास्त गावी जात, चार खोल्यांतल्या कमी, हे धरलं तरी इतका मोठा फरक त्याने भरून निघत नाही. आणि याच सवयीची दुसरी बाजू आहे, ती मात्र कोणी फारशी मांडत नाही. गिरणी कामगार खंगला, रक्त पडायला लागलं, की त्यालाही गावी पाठवत. ‘हवापालट’ म्हणत त्याला. तो कोकणातल्या पडवीत पडून राही आणि तिथेच जाई. त्याचा मृत्यू मुंबईच्या वहीत कधी येतच नसे. म्हणजे मुलांच्या बाबतीत शहराची वही प्रत्यक्षाहून वाईट दिसे आणि कर्त्या पुरुषांच्या बाबतीत प्रत्यक्षाहून चांगली. क्षयाने किती गिरणी कामगार गेले, हे मोजायचं तर परळच्या नोंदींबरोबर राजापूर, संगमेश्वर, पाटण इथल्या ग्रामपंचायतींची दप्तरं उघडावी लागतील. गिरणगावाची स्मशानं अशी दोनशे-तीनशे मैलांवर पसरलेली होती. मनीऑर्डर त्याच वाटेने जात होती आणि जंतूही त्याच वाटेने.

बायकांचं काम आणि मुलांचं जगणं यांची गाठ डॉ. बार्न्स या सरकारी डॉक्टर बाईंनी विसाच्या दशकाच्या सुरुवातीला घातली. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या खोल्यांत जाऊन त्यांनी पाहिलं की कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी दिली जाते, आणि ती थोड्याथोडक्या नव्हे, जवळजवळ सगळ्या घरांत. हे वाचून आज आपण त्या आयांना दोष द्यायला निघालो तर ती फार मोठी चूक होईल. दहा तासांची पाळी, घरात म्हातारं माणूस नाही, पाळणाघर नाही, आणि शेजारच्या खोलीत रात्रपाळीहून आलेला माणूस झोपलेला. मूल रडलं तर त्याची झोप मोडते, झोप मोडली तर यंत्रात बोट जातं. खोलीची भिंत पातळ होती म्हणून मुलाला अफू मिळत होती, असं मी म्हटलं तर ते अगदीच चुकीचं होणार नाही.

१९२९मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, देशात पहिला. विधिमंडळात त्याला पाठिंबा देणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते. १९२८च्या जुलैत ते त्या विधेयकावर बोलले, तेव्हा पोयबावडीच्या चाळीतच राहत होते. त्यांच्या पाच मुलांपैकी चार मुलं लहानपणीच गेली होती, राजरत्न अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १९२६मध्ये. बाळंतिणीला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं सभागृहात मांडणारा माणूस कोणत्या खोलीतून उठून तिथे आला होता, हे त्या भाषणाबरोबर वाचायला हवं. या कायद्याने बायकांना हक्क दिला खरा. पुढच्या तीन दशकांत गिरण्यांतल्या बायकांची संख्या मात्र घसरत गेली. त्या घरी बसल्या नाहीत. खोलीतच खाणावळ उघडून वीस-वीस गिरणीवाल्यांची जेवणं रांधू लागल्या. म्हणजे १६० चौरस फुटांत आता धुराचे तासही वाढले.

याच भागात त्या काळी देशातली उत्तम इस्पितळं उभी होती, हेही विसरता येत नाही. १९२६मध्ये केईएम आणि त्याच साली वाडिया प्रसूतिगृह, तीन वर्षांनी वाडियांचंच मुलांचं इस्पितळ, १९४१मध्ये टाटा. हाफकिन संस्था तर जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये प्लेगच्या काळापासून होतीच. १९५४मध्ये कामगार विमा योजना मुंबईत आली आणि कामगाराच्या हाती ‘ईएसआय’चं कार्ड पडलं. परळच्या कुठल्याही चाळीतून चालत दहा-पंधरा मिनिटांत देशातल्या नामवंत डॉक्टरांपुढे उभं राहता येत असे. जगात फार कमी कामगारवस्त्यांना असं भाग्य मिळालं असेल. चाळीतली माणसंही एकमेकांना घेऊन जात. मध्यरात्री कळा सुरू झालेल्या बाईला चार जणांनी खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली उतरवल्याच्या आठवणी प्रत्येक चाळीत मिळतात. हा शेजार खरा होता आणि त्याने जीव वाचवले. फक्त एवढंच की बरा झालेला माणूस इस्पितळातून परत त्याच खोलीत येत होता.

पाणी आणि घाण यांच्याबद्दल थोडक्यात. विहार तलाव १८६०चा, तुळशी १८७९चा, तानसा १८९२चा. त्यानंतर वैतरणेचं पाणी शहराला मिळायला १९५७ उजाडलं. मधल्या साठ-पासष्ट वर्षांत शहर कित्येक पटींनी फुगलं आणि भार सगळा प्रामुख्याने तानसावर. चाळीत पाणी म्हणजे वेळ. पहाटे चारला नळाला धार लागे, सहाला बारीक होई. पिंप, हंडे, कळशा, डबे भरून ठेवायचे. साठवलेलं पाणी म्हणजे डासांची सोय. मुंबईचा मलेरिया दलदलीतून कमी आणि घरोघरच्या विहिरी-टाक्यांतून जास्त येतो, हे डॉ. बेंटली यांनी १९११मध्येच दाखवून दिलं होतं. विहिरी बुजवल्या गेल्या, टाक्यांना झाकणं लागली. खोलीतल्या पिंपाला कायदा कुठून पोचणार?

संडासाबद्दल एकच गोष्ट सांगतो. जुन्या चाळींच्या दोन रांगांमध्ये एक बोळ असे, हाऊसगल्ली. टोपलीच्या संडासांच्या टोपल्या तिथून उचलल्या जात. वरून भाजीची देठं, केर, सांडपाणी त्याच बोळात पडे आणि त्यातून वाकून जाणारा माणूस ते डोक्यावर झेले. गिरणगावाच्या आरोग्याचा सगळ्यात मोठा भार त्याने वाहिला. आजच्या चाळींच्या आठवणींत गणपती असतो, दहीहंडी असते, भोंगा असतो. हाऊसगल्लीतला माणूस नसतो, आणि त्याची खोली कुठे होती हेही कोणी सांगत नाही.

आता क्षय. १९४६च्या भोर समितीच्या अहवालात देशात दरसाल पाच लाख माणसं क्षयाने मरतात असा अंदाज दिला आहे. क्षय होण्याला लागतं काय, याची जुळणी गिरणगावात पक्की होती. कताईच्या खात्यात कापसाची धूळ, साचाखात्यात धागा तुटू नये म्हणून वाफेने दमट ठेवलेली हवा, अपुरं अन्न, पाळ्यांमुळे मोडलेली झोप, आणि त्यानंतर ती खोली. यातला गिरणीचा वाटा किती आणि खोलीचा किती हा वाद जुना आहे. गिरणीमालक म्हणत खोलीमुळे होतो, घरमालक म्हणत गिरणीमुळे, सरकार म्हणे सवयींमुळे. माझं मत खोलीकडे झुकतं. गिरणीतली धूळ छाती कमकुवत करते, त्या धुळीचे स्वतःचे आजारही आहेत. पण क्षयाचा जंतू माणसाकडून माणसाकडे जायला लागतो तो बंद हवेतला दीर्घ सहवास. साचाखात्यात आवाज प्रचंड, छप्पर उंच, माणसं साच्यांच्या अंतराने उभी. रात्री नऊ जणांत आठ तास निजणं ही वेगळी गोष्ट. शिवाय गिरणीत कधीही पाऊल न टाकलेल्या मुलींना आणि बायकांना क्षय होत होता, त्याचं उत्तर गिरणीत सापडत नाही.

औषध नव्हतं तोवर उपचार म्हणजे जागा बदलणं. मिरजेचं वानलेस आरोग्यधाम किंवा जवळचं शिवडीचं क्षय रुग्णालय. खाटा मूठभर, रांग लांब. मग स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि १९५२मध्ये आयसोनायझिड, स्वस्त गोळी. पुढच्या घटनेकडे सगळ्यांनी नीट पाहावं असं मला वाटतं. १९५६मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. शहराच्या गरीब, दाट वस्तीतल्या क्षयरोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एक गट आरोग्यधामात: खाट, विश्रांती, चांगलं जेवण. दुसरा गट आपापल्या घरी, त्याच कोंदट खोल्यांत, त्याच तुटपुंज्या अन्नावर. औषधं दोघांना सारखीच. वर्षअखेरीला पाहिलं तर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले होते. आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांत आरोग्यधामातल्यांच्या कुटुंबीयांपेक्षा जास्त लागण दिसली नाही. १९५९मध्ये निष्कर्ष छापून आले आणि जगभरची क्षय आरोग्यधामं हळूहळू बंद होऊ लागली. १९६२च्या आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा पायाच हा आहे.

या प्रयोगाने किती लाख घरं वाचवली याची गणती नाही. कर्ता माणूस वर्षभर मिरजेला पडून राहिला असता तर मागे खोलीचं भाडं कोण भरणार होतं? अण्णा वाचले ते घरीच घेतलेल्या गोळ्यांनी. शंभर दिवस सुया आणि वर्षभर गोळ्या, खिडकीखालच्या त्याच जागेत. म्हणून मद्रासच्या त्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण त्यांच्या निष्कर्षाचा जो अर्थ सरकारी मनाने लावला, तो चुकीचा होता. घर कसंही असो, गोळी दिली की भागतं, असा तो अर्थ. प्रयोगाने सिद्ध काय केलं? उपचार सुरू झाल्यावर घरच्यांना धोका वाढत नाही. का, तर एक तर औषधाने रोगी लवकरच जंतू पसरवेनासा होतो आणि दुसरं म्हणजे घरच्यांना जी बाधा व्हायची ती बहुतेक निदानाच्या आधीच होऊन गेलेली असते. खोली आपलं काम करते ते खोकला सुरू झाल्यापासून दवाखान्यात जाईपर्यंतच्या महिन्यांत. अण्णा सहा महिने खोकत होते, मग कोणीतरी त्यांना केईएमला नेलं. पेला वेगळा झाला तेव्हा फार उशीर झाला होता. मोठी मावशी दोन वर्षांनी आजारी पडली.

इंग्लंडमध्ये या मुद्द्यावर इतिहासकारांचा मोठा वाद आहे. तिथला क्षय औषधं येण्याच्या कितीतरी आधीपासून उतरत होता. थॉमस मॅककिऑन यांनी त्याचं श्रेय सुधारलेल्या आहाराला दिलं, सायमन झ्रेटर यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी नगरपालिकांच्या कामाला. वाद मिटलेला नाही. पण श्रेय कोणालाही द्या, तिथे घर, पाणी, अन्न आधी सुधारलं आणि गोळी नंतर आली. आपल्याकडे गोळी आधी आली, आणि ती आल्यामुळे बाकीचं थांबलं तरी चालेल असं वाटू लागलं.

नेमक्या याच वर्षांत घराच्या बाजूला दुसरं दार बंद झालं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. कायद्यामागचा हेतू निर्मळ होता. तो नसता तर फाळणीनंतरच्या गर्दीत निम्मं गिरणगाव रस्त्यावर आलं असतं. भाडेकरूला हुसकावता येईना, ही छोटी गोष्ट नव्हती. पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढ मिळत-मिळत पन्नास वर्षं चालला. महिना सात-आठ रुपये भाड्यात मालक दुरुस्ती करीना. भाडेकरू दुसऱ्याच्या मालकीच्या भिंतीवर पैसा घालीना. पागडी आली. मुलगा मोठा झाला, लग्न झालं, दुसरी खोली भाड्याने मिळण्याची शक्यताच संपली, मग त्याच खोलीत पोटमाळा झाला. पोटमाळ्याने खिडकीचा वरचा भाग अडला. कायद्याच्या एका कलमाचा परिणाम असा माणसाच्या फुप्फुसापर्यंत जातो, पण भाडेकायद्यावर आपल्याकडे जे ढीगभर लिहिलं गेलं त्यात हे सहसा येत नाही. ते सगळं मालक विरुद्ध भाडेकरू असंच असतं.

योजना नव्हत्या असं नाही. महापालिकेचे अभियंता ना. वि. मोडक आणि अमेरिकी वास्तुरचनाकार अल्बर्ट मेयर यांनी स्वातंत्र्याच्या सुमाराला बृहन्मुंबईचा आराखडा तयार केला. बेटावरची दाटी उपनगरांकडे आणि खाडीपलीकडे हलवायची, असा त्याचा रोख होता. वैतरणेच्या तलावाला पुढे मोडकांचंच नाव दिलं गेलं. पाणी आलं, माणसं हलली नाहीत. गिरण्या परळात असताना कामगार मुलुंडला कसा जाणार? वरळीच्या रिकाम्या खोल्यांनी वीस वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं. १९४८च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ झालं, १९५२मध्ये औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी केंद्राची अनुदान योजना आली. काही चांगल्या वसाहती त्यातून उभ्या राहिल्या, गरजेच्या मानाने थोड्या. मग पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या तेव्हा बेडेकर समिती नेमली गेली आणि १९६९मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. तिथून पुढे सरकारी कागदावर चाळीचा एकच प्रश्न उरला: ती पडेल की उभी राहील. ती उभी राहिल्यावर आत श्वास कसा घेतात, हा प्रश्न कोणत्याच रकान्यात नव्हता.

अभ्यासकांचंही असंच झालं. बर्नेट-हर्स्ट यांनी १९२५च्या पुस्तकात मजुरी आणि घर एकत्र तपासलं होतं. विसाच्या-तिसाच्या दशकांतल्या अहवालांत डॉक्टर आणि कामगार अधिकारी एकाच पानावर भेटतात. १९५०नंतर अर्थशास्त्रज्ञ रोजगार आणि खर्चाच्या पाहण्या करू लागले, डॉक्टर थुंकी तपासू लागले. अलीकडे राजनारायण चंदावरकरांनी गिरणगावाचा थोर इतिहास लिहिला, नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी तिथल्या माणसांच्या तोंडून तो जपला. या कामांचं ऋण मोठं आहे. तरी कुठल्या मजल्यावर, कुठल्या दिशेच्या खोलीत किती जणांना छातीचा आजार झाला, असा साधा तक्ता मध्यशतकातल्या गिरणगावासाठी माझ्या वाचनात आलेला नाही. ज्यांनी तो तोंडी सांगितला असता ती माणसं आता नव्वदीत आहेत.

हे जुनं उकरून काढण्याचं कारण गोवंडी-मानखुर्दला आहे. झोपडपट्टीतून आणि प्रकल्पांतून हटवलेल्या लोकांसाठी तिथे लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहती बांधल्या गेल्या. इमारती सात-आठ मजल्यांच्या, दोहोंतलं अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८मध्ये आपली पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा दिसलं की जिथे उजेड आणि वारा पोचत नाही अशा घरांत क्षयाचं प्रमाण अधिक आहे. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. पक्की भिंत, स्वतंत्र संडास, नळ घरात, आणि तरीही खोकला. बीआयटीच्या अभियंत्यांना शंभर वर्षांपूर्वी जे ठाऊक होतं, ते आपण नियमांत सवलती देऊन विसरलो.

बीडीडी चाळी आता पाडल्या जात आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, पाचशे चौरस फुटांची घरं, चाळीस मजली मनोऱ्यांत. १६०वरून ५००. ज्यांनी तीन पिढ्या त्या पॅसेजमध्ये काढल्या, त्यांच्या आनंदात मी मनापासून आहे. आईचे डोळे त्या बातमीने भरून आले होते. नायगावचीही पाळी येईल. मागणं एकच आहे, आणि ते फार खर्चाचंही नाही. लोक राहायला येऊन वर्ष व्हायच्या आत पालिकेच्या आरोग्य खात्याने एक माणूस आणि एक लक्समीटर घेऊन पहिल्या पाच मजल्यांवरच्या प्रत्येक खोलीत, जुलैच्या एखाद्या ढगाळ दुपारी, जावं. किती उजेड आहे, खिडकीतून वारा येतो का, रात्री त्या खोलीत किती जण झोपतात, हे लिहून घ्यावं, आणि तो कागद त्याच वॉर्डाच्या क्षयरोग विभागाच्या वहीला टाचावा.